अण्णांच्या जपानी वाडग्यातला आल्याचा चहा

६ मे. काम — हॉलमधलं काचेचं कपाट रिकामं करणे.

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. मी आमच्या टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंग बघते. मालात खोट कुठे आहे ते शोधणं हेच माझं काम. लिंबू-मिरची मी दाराला बांधत नाही, आमटीत घालते. त्यामुळे खाली लिहिलंय ते वाचून कुणी हसलं तरी माझी हरकत नाही. मीही हसले असते.

आमचं घर सोलापूरला, भवानी पेठेत. त्या दिवशी कपाट रिकामं करायचं कारण साधं होतं — संध्याकाळी अण्णांना आणणार होते. आमच्या लिंगायतांत मयताला भिंतीला टेकवून बसवतात, आणि हॉलमध्ये तशी मोकळी होण्यासारखी भिंत एकच. कपाटाची.

अण्णा म्हणजे माझे थोरले दीर. लग्न केलं नाही. कारखान्याला एकेकाळी जपानी गिऱ्हाईक होतं, त्या कामासाठी ते दोनदा तिकडे जाऊन आले आणि हा नाद घेऊन आले — हाताने घडवलेली चहाची भांडी. वाडगे, किटल्या, बिनकानाचे पेले. प्रत्येकाची वेगळी लाकडी पेटी, पेटीला फीत, आत पिवळं कापड. मांडायचे तेही एकाला एक न टेकवता. साबण लावायचा नाही. दूध तर दाखवायचंच नाही. पेटीत घालण्याआधी भांडं आतून-बाहेरून ठणठणीत वाळलं पाहिजे, नाहीतर बुरशी धरते. "सोलापूरच्या हवेचा एवढाच फायदा बघ, सुनंदा," असं ते म्हणायचे. "जपानात जे वाळायला आठवडा घेतं, ते आपल्याकडे जेवण होईपर्यंत वाळतं."

त्यांचा रोजचा वाडगा फिकट गुलाबी, ओबडधोबड. त्याच्या झिलईवर केसासारख्या बारीक भेगा आहेत. त्यातून चहा मुरतो आणि वर्षानुवर्षं रंग बदलत जातो. अण्णा त्यात फक्त हिरवा चहा घ्यायचे. दोन्ही हातांत धरून आधी वाडगा तळव्यावर दोनदा फिरवायचे, मग ओठाला लावायचे. गेल्या दोन-तीन वर्षांत ते नावं विसरले, रस्ते विसरले. पण हातात साधा स्टीलचा कप दिला तरी आधी फिरवायचे.

एप्रिलमध्ये पुण्याच्या डॉक्टरांना दाखवून आमचे हे त्यांना रेल्वेने घेऊन येत होते. कुर्डुवाडीला हे पाण्याची बाटली घ्यायला उतरले. परत चढले तेव्हा सीटवर अण्णा नव्हते.

पोलीस, पेपर, व्हॉट्सअॅप, सगळं झालं. दुसऱ्या गाडीत बसून कुठेतरी लांब गेले असणार, असंच सगळे धरून चालले. आणि ५ तारखेला फोन आला : कुर्डुवाडीपाशी रुळाजवळ एका म्हाताऱ्याचं प्रेत सापडलंय, चेहरा ओळखण्यासारखा नाही. हे तिकडे धावले. तिथून त्यांचा एवढाच फोन — "सुनंदा, तोच आहे. टॉवेल आपला आहे."

आपला म्हणजे त्या जपानी ऑर्डरचा, निळ्या काठाचा. तो लॉट बाजारात कधी गेलाच नाही. अण्णांच्या खांद्यावर कायम असायचा. विषय संपला.

तर दुपारी मी कपाट उघडलं. कुलूप मी स्वतः काढलं. किल्ली माझ्या जुडग्यात असते. एकेक भांडं टॉवेलने पुसून पेटीत घालत गेले. शेवटी अण्णांचा वाडगा उचलला आणि हात थबकला.

वाडगा ओला होता. नुसता ओला नाही — कोमट. भेगा गडद झालेल्या, आणि तळाला घोटभर तपकिरी पाणी.

मी वास घेतला. आलं. दूध, साखर आणि आलं.

पहिला संशय नणंदेवर. मंगलअक्का अक्कलकोटहून सकाळीच आल्या होत्या.

"अक्का, या वाडग्यात चहा कुणी घेतला?"

"अय्यो, मी कशाला घेऊ त्यात? घरातले कप मेले काय?" रडून त्यांचा आवाज बसला होता, तरी फणकारा तोच. "मयताच्या घरात सकाळपासून चूल पेटली न्हाय, चहा कुठला आणू मी?"

खरंच होतं ते. सकाळपासून गॅस लागलाच नव्हता. आलं तर घरात नव्हतंच.

मी वाडगा पुसला, कोरडा टॉवेल आत कोंबून भेगा दाबून घेतल्या. ऊन दाखवायचं नाही हा अण्णांचा नियम मोडून गच्चीत नेला आणि पत्र्यावर ठेवला. बाहेर असं ऊन की वाळत घातलेली चादर दुसरी पसरेपर्यंत कडक होते. मी तिथेच उभी राहिले. वाडगा वाळला, फिका पडला. बरं वाटलं. खाली आणून लोखंडी कपाटात ठेवला, कुलूप लावलं, किल्ली कमरेला.

मग सतरंज्या काढल्या. अक्का विभूतीचं ताट शोधत होत्या. मी त्यांना मुद्दाम हाक मारली आणि त्यांच्यासमोर कपाट उघडलं.

तळाला चहा. या वेळी वाफ होती.

अक्कांनी नाक पुढे केलं आणि लगेच मागे घेतलं. "आलं घातलंय की गे..." त्या म्हणाल्या.

मला भीती वाटली का? वाटली. पण डोकं भलत्याच ठिकाणी अडकलं. अण्णांचा आत्मा वगैरे आला असता, तर तो हिरवा चहा प्यायला असता. त्या वाडग्यात दूध घालणारा माणूस अण्णा नव्हेच. हा टपरीचा चहा होता. आणि टपरीचा चहा मेलेला माणूस पीत नाही; मिळेल तो चहा जिवंत माणूस पितो.

मी ह्यांना फोन लावला. "ताब्याच्या कागदांवर सह्या झाल्या?"

"आता करतोय. गाडी सांगितलीय."

"करू नका."

"काय?"

"सही करू नका. मी येतेय."

"सुनंदा, डोकं फिरलंय का? पाहुणे निघालेत सगळे..."

"अहो, त्यांचा डावा हात बघितलात?"

अण्णांच्या डाव्या तर्जनीचं पेर तरुणपणी मागात गेलं होतं. घरातल्या शेंबड्या पोरालाही ते माहीत.

"मी... टॉवेल बघितला," हे म्हणाले. "पुढं बघवलं नाही मला."

टॉवेल विणणाऱ्या माणसाने भाऊ टॉवेलवरून ओळखला. दुसऱ्या कुणी चेहरा नाही तर हात बघितला असता. ह्यांनी काठ बघितला, वीण बघितली आणि खात्री झाली.

वाडगा टॉवेलात गुंडाळून शेजारच्या सीटवर ठेवला आणि मीच गाडी काढली. मोहोळ ओलांडलं तरी गाडीत आल्याचा वास. खिडक्या उघडल्या, गरम झळा आत आल्या, वास गेला नाही.

कुर्डुवाडीच्या दवाखान्यात मी चादरीची डावी बाजू वर केली. पाचही बोटं शाबूत.

ह्यांनी विचारलं, "मग टॉवेल कसा गं?" मी वाडगा त्यांच्या नाकापाशी धरला. त्यांनी वास घेतला आणि सहीचे कागद कोरेच परत दिले.

बाहेर आल्यावर ह्यांनी सवयीने खिशातून अण्णांचा फोटो काढला. मी तो परत ठेवायला लावला. महिनाभर फोटो दाखवून काय मिळालं होतं? स्टेशनकडून सुरुवात केली आणि प्रत्येक चहाच्या गाड्यावर एकच विचारलं — चहा पिण्याआधी कप असा तळव्यावर फिरवणारा म्हातारा बघितलाय का? आणि हाताने करून दाखवलं. दोघे-तिघे हसले. एकाने मला वेड्यात काढलं.

मग रेल्वे वर्कशॉपच्या मागच्या रस्त्यावर एक गाडेवाला आलं ठेचता ठेचता थांबला.

"फिरवून पितंय ते बाबा? हाय की. लई गमतीचं माणूस. ग्लास दिला की आदी नमस्कार, मग दोन गिरक्या. पैसे घेत न्हाय मी." त्याने बत्त्याने दाखवलं. "तितं, झाडाखाली. आत्ताच दिलाय."

अण्णा पारावर बसले होते. दाढी वाढलेली, अंगात कुणाचा तरी ढगळ शर्ट. दोन्ही हातांत काचेचा ग्लास. आम्ही समोर उभे राहिलो तेव्हा ते तो फिरवत होते.

मी विचारलं, "अण्णा, टॉवेल कुठाय?"

"एक जण उन्हात निजला होता," ते म्हणाले. "डोक्याला दिला." मग माझ्याकडे नीट बघून, "बसा ना. चहा घेणार?"

मी वाडग्याभोवतीचा टॉवेल सोडवला. वाडगा खडखडीत कोरडा होता.

या गोष्टीला दुसरं टोक आहे, ते मी विसरत नाही. तो टॉवेल घेतलेला माणूस कोण होता, ते आजवर कळलेलं नाही. त्याच्याही घरी कुणीतरी वाट बघत असेल. आणि वाडग्याचं म्हणाल तर... घरात आलं नव्हतं, कपाटाला कुलूप होतं, वास तिघांनी घेतला. मी सगळीकडून तपासून बघितलं. खोट सापडत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आलेल्या पाहुण्यांना निरोप दिला, सतरंज्या गुंडाळल्या, भांडी परत कपाटात मांडली. अण्णांचा वाडगा बाहेरच ठेवला. बाजारातून आलं आणलं, ठेचून दुधाचा चहा केला आणि तो त्याच वाडग्यात ओतला.

अण्णांनी दोन्ही हातांत घेतला. फिरवला. मी पुढचा कप भरायला वळले.