मी दुरुस्त केलेलं वाक्य

वहिनींचा फोन आला तेव्हा मी नांदेडच्या घरी सकाळच्या वर्तमानपत्रातल्या चुकांवर पेन्सिलीनं खुणा करत बसलो होतो. मास्तरकी सुटून बारा वर्षं झाली, ही खोड काही सुटली नाही. "भाऊजी, अप्पा गेले. या," एवढंच त्या म्हणाल्या. मी पेन्सिल खाली ठेवली, पुन्हा उचलली, एका शब्दातला ऱ्हस्व दीर्घ केला आणि मग मला रडू आलं.

लातूरच्या एसटीत शेजारी बसलेल्या गृहस्थांनी कुठं निघालात म्हणून विचारलं. म्हटलं, मित्र वारला, आमचा अप्पा, म्हणजे मन्मथ तोंडारे, रहस्यकथा लिहायचा. नाव त्यांनी ऐकलेलं नव्हतं. त्यानं लिहिलेल्या एका मालिकेचं नाव घेतल्यावर मात्र ते हळहळले. त्या मालिकेपायी म्हणे त्यांच्या घरी जेवणं खोळंबायची. अप्पाला हे ऐकून काही फार आनंद झाला नसता. मालिका पोटासाठी आणि कादंबऱ्या जिभेसाठी, असा त्याचा हिशेब होता. दुपारी लिंगायतांच्या रीतीप्रमाणे त्याला बसवून समाधी दिली. कपाळाला विभूती, गळ्यात हार आणि मान किंचित कललेली... कुणाचं बोलणं ऐकताना तो अगदी असाच बसायचा. मला तिकडं बघवेना.

आमची ओळख लातूरच्या कॉलेजातली. त्याच्या वडिलांचं उदगीरला किराणा दुकान होतं. घरात अर्धी कानडी अर्धी मराठी, गिऱ्हाइकांची दखनी वेगळीच. गल्ल्यावर बसून बसून त्याला अशी सवय लागली होती की माणसानं "गूळ द्या" म्हटलं की हा त्याचं गाव सांगायचा. पुढं त्यानं हीच विद्या आपल्या गफूर जमादाराला दिली. गफूर जमादार म्हणजे त्याच्या कादंबऱ्यांमधला पेन्शनीत निघालेला पोलीस. हा पळत नाही, पिस्तूल झाडत नाही. खाटेवर बसून लोकांना बोलतं करतो आणि बोलण्यातून गुन्हेगार धरतो. वाचनालयांत या कादंबऱ्यांची पानं सुटून यायची, कव्हरं तेलकट व्हायची, आणि किनवटच्या वसतिगृहातून अप्पाला पत्रं यायची की पुढचा जमादार कधी निघणार. अशा सहा कादंबऱ्या निघाल्या. सगळ्यांची प्रुफं मी वाचली. शेवटचं प्रकरण तेवढं तो कुणालाच दाखवायचा नाही, मलाही नाही. ते बंद पाकिटात थेट छापखान्यात जायचं. मी रागवायचो, तो हसायचा.

आता माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मी पुण्याला शिकायला गेलो तेव्हा मेसमध्ये एकानं हाक मारली आणि मी उत्तर दिलं, "जेवून राहिलो." सगळं टेबल हसलं. आपल्याकडं ते 'जेवतो आहे'चं सरळ रूप आहे, तिकडं त्याचा तमाशा झाला. त्या दिवसापासून मी जीभ घासून घासून लख्ख केली. मास्तर झाल्यावर वर्गात कुणी "करून राहिलो" म्हटलं की दहा वेळा "करतो आहे" लिहून घ्यायचो. पालथ्या घड्यावर पाणी. पोरं लिहायची आणि मैदानावर जाऊन "खेळून राहिलो" म्हणायची. मला वाटायचं, मी भाषा वाचवतोय.

मग 'सागवान' आली. त्याची सातवी आणि माझ्या मते सगळ्यांत चांगली कादंबरी. किनवटच्या जंगलातल्या विश्रामगृहात खून होतो. तिथं उतरलेला इंजिनिअर स्वतःला पुण्याचा म्हणवतो आणि बोलतोही तसाच, तासून घेतल्यासारखं. अकराव्या प्रकरणात जमादार त्याला अचानक विचारतो, आरडाओरडा झाला तेव्हा तुम्ही कुठं होता? इंजिनिअर म्हणतो, "मी हात धुऊन राहिलो होतो." मी थांबलो. खेड्यातल्या पात्रांच्या तोंडचं असलं बोलणं मी कधी बदललं नाही, तेवढी अक्कल मला होती. पण पुण्याच्या माणसाच्या तोंडी हे? अप्पाची लेखणी घसरली, त्याची घरची सवय मध्ये आली, असं मी ठरवून टाकलं. लाल पेननं खोडलं आणि लिहिलं, "मी हात धूत होतो." मित्राची लाज राखली म्हणून मी त्या दिवशी स्वतःवर खूशही होतो.

पुस्तक छापून हातात आलं आणि मी शेवटचं प्रकरण उघडलं. जमादार इंजिनिअरला म्हणतो, साहेब, तुमचं सगळं पुण्याचं होतं, फक्त घाबरलात तेव्हा एकदा घरचं बोललात... आणि तो ते वाक्य सांगतो, 'धुऊन राहिलो होतो'. म्हणजे तो इंजिनिअर पुण्याचा नव्हताच, आपल्याच भागातला होता. सगळी गाठ त्या एका वाक्यावर बांधलेली आणि ते वाक्य मी पुसून टाकलेलं. वाचक मागं जाऊन शोधायचे, त्यांना सापडायचं नाही. पत्रं आली. पुण्याच्या एका परीक्षणात लिहिलं गेलं की लेखकानं वाचकाची सरळ फसवणूक केली आहे. प्रकाशकानं विचारलं तेव्हा अप्पानं आपलीच नजरचूक झाली असं सांगितलं. मी शेजारीच बसलो होतो. तोंड उघडलं नाही.

त्यानंतर गफूर जमादार पुन्हा आला नाही. प्रकाशकालाही नको होता आणि बहुतेक अप्पाचंही मन उडालं. तो मुंबईला गेला, मालिका लिहू लागला. तिथं मराठवाड्याचं माणूस फक्त हसवायला लागायचं, ते त्यानं बरीच वर्षं सोसलं आणि मग लातूरला परत आला. आमचं येणंजाणं कधी तुटलं नाही. पण चोराच्या मनात चांदणं. तो "मास्तर, एक इचारू का?" म्हणाला की मला वाटायचं, आता तेच विचारणार, आणि तो विचारायचा एखाद्या शब्दाची वेलांटी.

तो जाण्याच्या महिनाभर आधी मी त्याला भेटलो. खाटेवर उशीला टेकून बसला होता, बोलताना दम लागत होता. म्हणाला, "सागवान पुन्हा निघून राहिलं, मास्तर." आणि माझ्याकडं बघत थांबला. मी म्हणालो, "छान झालं. औषधं वेळेवर घेतोस ना?" तो म्हणाला, "घेतो," आणि त्यानं डोळे मिटले. तीस वर्षांत याहून सोपी संधी मला मिळाली नव्हती. मी औषधांची चौकशी केली.

पंधरा दिवसांमागं पुन्हा लातूरला गेलो. वहिनींनी मला त्याच्या खोलीत नेलं आणि प्रुफांचा गठ्ठा पुढ्यात ठेवला. शेवटचा हात मास्तरांनी फिरवायचा, असं तो सांगून गेला होता. नव्यानं अक्षरजुळणी जुन्या छापील प्रतीवरूनच झालेली. अप्पानं थरथरत्या अक्षरात पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं तपासलं होतं. साधा स्वल्पविरामही सोडला नव्हता. अकराव्या प्रकरणात मात्र "मी हात धूत होतो" तसंच होतं. ना खूण, ना काही.

वहिनी दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "त्यांला पुस्तक आलं त्या दिवशीच कळलं होतं, भाऊजी. हातानं लिहिलेली प्रत घरातच होती की. मी म्हणलं, इचारा. तर म्हणायचे, न्हाई, मास्तर आपणहून सांगल. लई वर्षं वाट बघून राहिले."

एवढं सांगून त्या चहा ठेवायला आत गेल्या. मी लाल पेन काढलं. माझेच शब्द खोडले आणि समासात त्याचे लिहिले. तेवढ्याला कितीसा वेळ लागणार... पुढचं पान मात्र उलटवेना. आतून वहिनींनी विचारलं, "काय करून राहिलात, भाऊजी? चहा तिथंच आणू का?"

"रडून राहिलो, वहिनी," मी म्हणालो.