एकोडीला दिलेली चिंगी

मंडळी, आज दुपारी एकोडीहून परत आले. वत्सलाबाई गेल्या, म्हणून त्यांच्या घरी भेटायला गेले होते.

चाळीसेक वर्षांपूर्वी माझे यजमान वारले आणि जवाहरनगरचं कारखान्याचं क्वार्टर सोडावं लागलं. भंडाऱ्याला भावाकडे जायचं होतं. भावजय मला ठेवून घ्यायला तयार होती, मांजरीला नाही. आमची चिंगी म्हातारी, दात पडलेले. ज्याला विचारावं तो म्हणे, "उंदीर मारते का?"

शेवटी दारावर तांदूळ विकायला येणाऱ्या वत्सलाबाईंनी तिला पिशवीत घातलं. "दे वो माय. उंदराले का मालूम, हिचे दात पडले म्हणून!"

पुढे त्या भंडाऱ्याला आल्या की मी चिंगीचं विचारायची. "राणीवानी चुलीजवळ पडून रायते," म्हणायच्या. आमच्या घरातलं कोणीतरी अजून आहे, या धीरावर मी दिवस काढले. दोन वर्षांनी त्यांनी सांगितलं, झोपेतच गेली.

आज त्यांच्या सुनेला विचारलं, "चिंगीला कुठं पुरलं होतं गं?"

"बांधावर, मावशी. ते तर आली त्याच महिन्यात मेली." मग जीभ चावून म्हणाली, "सासूबाईनं आमाले दटावलं होतं, म्हणे, तिचा नवरा आताच गेला, तिले अखीन एक मरण कायले सांगता?"

खोटं बोलू नये, असंच आजवर वाचत आले. वत्सलाबाईंच्या फोटोपुढे मात्र बराच वेळ हात जोडून बसले.

तुमच्यासाठी कोणी असं खोटं बोललंय का?