मधला उंचवटा

शाळेत शिकवायला जाताना बसची वाट बघत असलो की ती मला रोज दिसायची. थांब्याला लागूनच रोजगार हमीच्या कामावर तळं खोदणारी, डोक्याला टॉवेल गुंडाळलेली म्हातारी. खोली मोजता यावी म्हणून मधे मूळ जमिनीच्या उंचीचा एक उंचवटा न खोदता ठेवला होता. त्याच्यावरच्या गवतावरून ती जाता-येता हात फिरवायची.

मोजमाप झालं आणि तो पाडायचं काम तिच्याच वाट्याला आलं. कुदळ टेकवून ती मला म्हणाली, "सर, जमीन पयले येवढी वर होती. हा पाडल्यावर कोनाले खरं वाटन?"

आता तळं भरलंय. परवा बसमध्ये शेजारच्यानं कौतुकानं विचारलं, "निजामाच्या काळातलं का हो हे?"

मी घाईघाईनं नाही म्हणालो आणि दाखवायला बोट उचललं. बाहेर नुसतं पाणी होतं.