भीमराजची वाकडी पट्टी

भीमराज पाईकराव अकरा वर्षं एकच खोडी करत होता आणि अकरा वर्षांत एकदाही पकडला गेला नव्हता. निदान त्याची तरी तशी पक्की समजूत होती.

घाटकोपर पूर्वेला त्याची दीड खोली. वडील परभणीकडून आलेले, गोदीत हमाली करून मुलाला मॅट्रिक केलेले. भीमराज विमानतळावर नोकरीला लागला तेव्हा अख्ख्या चाळीनं ठरवून टाकलं, की हा विमानं चालवत नसला तरी चालवणाऱ्यांच्या मांडीला मांडी लावून बसत असणार. कुणाचा भाऊ दुबईला निघाला की आधी भीमराजला निरोप जायचा, "खिडकीची जागा बघ ना रे जरा." भीमराज गंभीर चेहऱ्यानं म्हणायचा, "बघतो." नशिबानं खिडकी मिळाली तर चाळीत त्याची वाहवा, आणि नाही मिळाली तर तो म्हणायचा, "मीच नको म्हटलं. त्या बाजूला ऊन येतं." विमानात त्यानं जन्मात पाय ठेवला नव्हता.

त्याची खरी नोकरी होती पट्ट्या लिहिण्याची. आता हे जरा नीट सांगायला हवं, कारण पुढची सगळी भानगड त्या पट्ट्यांचीच आहे. त्या वेळी, म्हणजे चौऱ्याऐंशी साली, रडारला विमानतळाच्या आसपासचं तेवढं दिसायचं. त्यापलीकडची विमानं दिसायची ती फक्त कागदावर. नियंत्रण कक्षात एक मोठा तिरका फळा असायचा आणि आकाशातल्या प्रत्येक विमानाची बोटभर रुंद कागदी पट्टी एका प्लॅस्टिकच्या खाचेत बसवून त्या फळ्यावर लावलेली असायची. विमानाचं नाव, किती उंचीवर आहे, कोणत्या गावावर किती वाजता पोचणार, एवढंच तिच्यावर. फळ्यासमोर साहेब बसायचे. ते वैमानिकांशी रेडिओवर बोलायचे, तू वर जा, तू खाली ये, तू दहा मिनिटं थांब, असं सांगायचे. एका उंचीवरची दोन विमानं एका जागी दहा मिनिटांच्या आत यायला नकोत, हा तिथला पहिला आणि शेवटचा धर्म. बाजूला भीमराजसारखा सहायक. त्यानं फोन घ्यायचा, पट्टी लिहायची, फळ्यावर लावायची आणि हात मागे घ्यायचा. वैमानिकाशी बोलायचा त्याला अधिकार नव्हता, आणि साहेबाला "तुम्ही चुकलात" म्हणायचा तर नव्हताच नव्हता. हे कुठल्या नियमात लिहिलेलं नव्हतं. असल्या गोष्टी लिहाव्या लागत नाहीत.

साहेब लोकांची एक रीत होती. एखाद्या विमानाचा पेच सोडवायचा राहिला असेल तर ते त्याची पट्टी खाचेतून अर्धवट ओढून वाकडी करून ठेवत. सरळ फळ्यावर वाकडी पट्टी लगेच डोळ्यांत खुपते, विसरायला होत नाही. भीमराजनं नेमकी हीच रीत उचलली. पेच आहे आणि साहेबाला दिसलेला नाही, असं वाटलं की तो दुसरी पट्टी लावायचं निमित्त करी आणि जाता जाता करंगळीनं ती पट्टी हळूच वाकडी करी. साहेबाची नजर जायचीच. "अरे! हे बघ, हे दोघं नागपूरवर भिडले असते. पकडलं की नाही?" भीमराज हात जोडायचा, "साहेब, नजर आहे की काय! आमच्यासारख्याला जन्मात दिसलं नसतं." मग साहेब चहा मागवायचा आणि भीमराज तो मिटक्या मारत प्यायचा. एकदा तर त्यानं केवळ गंमत म्हणून अर्ध्या तासापूर्वी उतरलेल्या विमानाची पट्टी वाकडी केली. साहेबांनी तीन मिनिटं कपाळाला आठ्या घालून तिचा अभ्यास केला आणि तिच्यातसुद्धा पेच शोधून काढला. त्या दिवशी भीमराज जिन्यात जाऊन पोट धरून हसला.

पण हसणं पुरतं कुठवर? त्याला त्या खुर्चीत बसायचं होतं. सहायकांमधून साहेब होण्यासाठी खात्याची परीक्षा होती. लेखी परीक्षा तो दोनदा पास झाला आणि दोन्ही वेळा तोंडी मुलाखतीत गळला. आता वयाच्या अटीत बसणारी ही शेवटची मुलाखत. सोमवारी. बायकोनं, वनमालानं, त्याचा पांढरा शर्ट आठवडाभर आधी धुऊन, इस्त्री करून, पेपरात गुंडाळून वर ठेवला होता आणि पोरांना बजावलं होतं, "त्याला हात लावाल तर याद राखा."

मुलाखत घेणाऱ्या तिघांपैकी एक होते प्रभुदेसाई साहेब. बोरिवलीचे. तीन महिन्यांपूर्वी कलकत्त्याहून बदली होऊन आलेले. माणूस सज्जन, हुशार, पण टापटिपीच्या बाबतीत पार वेडा. पेन्सिली उंचीनुसार मांडणार, डब्याचे तीनही कप्पे टेबलाच्या कडेला समांतर ठेवणार, कपाचा कान उजवीकडेच हवा. भीमराज त्यांची नक्कल चाळीत करून दाखवायचा आणि पोरं लोळायची.

मुलाखतीच्या आधीच्या गुरुवारी, सकाळी साडेअकराला, भीमराज त्यांच्याच शेजारी बसला होता. दिल्लीहून त्रिवेंद्रमला निघालेल्या विमानाचा वैमानिक म्हणाला, इथे फार हादरे बसताहेत, एकतीस हजार फुटांवर जाऊ का? प्रभुदेसाई म्हणाले, जा. आणि लगेच नागपूरचा फोन आला म्हणून तिकडे वळले. भीमराजनं पट्टीवर नवी उंची लिहिली आणि त्याचा हात थांबला. चार ओळी खाली आखाताकडून मद्रासला चाललेलं विमान होतं, तेही एकतीस हजारावर. एक बेळगाववर पोचणार अकरा बेचाळीसला, दुसरं अकरा चव्वेचाळीसला.

भीमराजनं करंगळीनं दिल्लीची पट्टी वाकडी केली.

नागपूरची लाइन म्हणजे खडखडाट. प्रभुदेसाई एका कानाला फोन, दुसऱ्याला हेडफोन लावून ओरडत होते. ओरडता ओरडता त्यांचा डावा हात आपोआप पुढे आला आणि त्यानं पट्टी सरळ केली.

भीमराजनं ती पुन्हा वाकडी केली, या वेळी जरा जास्तच. हात आला, पट्टी सरळ. तिसऱ्या वेळी भीमराजनं ती खाचेतून जवळजवळ बाहेर काढली. प्रभुदेसाईंनी तिकडे न बघता ती आत दाबली, वर पेन्सिलीनं टकटक करून नीट बसवली आणि एक समाधानाचा सुस्कारा सोडला. अकरा वर्षांत असा माणूस भेटला नव्हता! घड्याळात अकरा एकतीस.

भीमराजच्या डोळ्यांसमोर सोमवार आला, पेपरात गुंडाळलेला शर्ट आला. कक्षात सहा माणसं होती. या सगळ्यांसमोर साहेबाची चूक काढायची, आणि चार दिवसांनी त्याच साहेबापुढे मुलाखतीला बसायचं. आणखी एक मिनिट गेलं. त्या एका मिनिटाची त्याला पुढे कायम लाज वाटत राहिली.

मग तो उठला आणि त्यानं फोनच्या खटक्यावर बोट ठेवून नागपूर तोडून टाकलं.

"साहेब, चुकलंय. दोन्ही एकतीस हजारावर. बेळगाव, बेचाळीस आणि चव्वेचाळीस."

प्रभुदेसाई आधी लाल झाले, मग त्यांनी फळ्याकडे पाहिलं आणि पांढरे पडले. पण आवाज जराही हलला नाही. त्यांनी दिल्लीच्या विमानाला एकोणतीस हजारावर उतरायला सांगितलं. वैमानिकानं हुकूम जसाच्या तसा परत म्हणून दाखवला. अकरा अडतीसला तो म्हणाला, एकोणतीस हजारावर आहे. दोन विमानांतले तीनशे लोक आपापलं खाणंपिणं उरकत एकमेकांच्या वरखालून निघून गेले.

दुपारी पाण्याच्या माठाजवळ प्रभुदेसाईंनी त्याला गाठलं. "पाईकराव, झालं तर काहीच नाही ना? मग नोंदवहीत कशाला लिहायचं?" मग म्हणाले, "सोमवारी तुमची मुलाखत आहे, नाही का?" ही धमकी होती की माया, हे त्यांचं त्यांनाही कळलं नसावं.

भीमराजला हो म्हणायचं होतं. मनापासून म्हणायचं होतं. तो संडासात गेला, तोंडावर पाणी मारलं, आरशात स्वतःला एक शिवी हासडली आणि परत येऊन नोंदवही साहेबांसमोर ठेवली. टेबलाच्या कडेला अगदी समांतर.

"साहेब, तुम्हीच लिहा. तुम्ही नाही लिहिलंत तर मला लिहावं लागेल, आणि माझं इंग्लिश तर तुम्हाला ठाऊक आहे. वाचणाऱ्याला वाटेल, आपण विमानतळच बुडवला."

प्रभुदेसाईंना हसू आलं की रडू, देव जाणे. त्यांनी लिहिलं. संध्याकाळपर्यंत चौकशी लागली. त्यांना फळ्यावरून हटवलं, मुलाखतीच्या यादीतूनही नाव गेलं. दुसऱ्या दिवसापासून कक्षात भीमराजला कुणी चहा विचारेना. "साहेबाला गोत्यात आणलं," एवढंच वाक्य त्याच्या पाठीमागे फिरत होतं. घरी वनमाला म्हणाली, "वाट लावून घेतलीस ना?" तो म्हणाला, "घेतली." ती म्हणाली, "मग जेव आता."

सोमवारी प्रभुदेसाईंच्या जागी दिल्लीहून आलेले एक अनोळखी साहेब होते. त्यांच्यापुढे दोन कागद. पहिला भीमराजच्या गोपनीय अहवालांचा. अकरा वर्षं, अकरा साहेब, आणि प्रत्येकाचा शेरा एकच, काम समाधानकारक. दुसरा कागद त्यांनी मोठ्यानं वाचला. प्रभुदेसाईंनी चौकशीला दिलेलं उत्तर होतं ते.

"मी रुजू झालो त्या पहिल्याच दिवशी तीन सहकाऱ्यांनी मला सांगितलं, की शेजारी पाईकराव असला तर काळजी करू नकोस. काही चुकलं तर तो पट्टी वाकडी करतो. त्याला वाटतं आपल्याला कळत नाही, तू कळू देऊ नकोस. हे ठाऊक असूनही माझ्या हातानं सवयीनं ती पट्टी तीनदा सरळ केली. त्याबद्दल जी शिक्षा असेल ती मला मान्य आहे."

सगळ्यांना ठाऊक होतं! तो जिन्यात जाऊन हसत होता, तेव्हा ते कँटीनमध्ये बसून हसत होते.

"या सगळ्यावर तुम्हाला काय म्हणायचंय?" अनोळखी साहेबांनी विचारलं.

भीमराजनं रात्र रात्र पाठ केलेलं इंग्रजी कुठल्या कुठे गेलं. तो हिंदीत म्हणाला, "साहब, ग्यारह साल सबको मालूम था, तो एक ने भी कागज पर क्यों नहीं लिखा?"

तिघांनी खाली माना घालून आपापल्या कागदांवर गुण लिहिले. महिन्यानं यादी लागली, तिच्यात भीमराजचं नाव होतं. चाळीत पेढे वाटले गेले. फक्त वनमालाला दिसलं, की नवरा पेढा हातात धरून नुसता बसलाय. "काय झालं रे?" "काही नाही गं. मला वाटायचं, मी त्यांना बनवतोय." मग तो हसला, पण ते हसणं तिला आवडलं नाही.

प्रशिक्षण, परीक्षा, पुन्हा परीक्षा, असं करत शहाऐंशी साली पाईकराव साहेब एकदाचे फळ्यासमोरच्या खुर्चीत बसले. शेजारी सहायक म्हणून द्रौपदी परब आल्या. पन्नाशीला टेकलेल्या, मूळच्या कुडाळच्या, टेलिप्रिंटरवरून बदलून आलेल्या, आणि तोंडाला फाटक नसलेल्या. भीमराजनं पहिल्याच दिवशी सांगितलं, "बाई, माझं चुकलं तर पट्टीबिट्टी वाकडी करत बसायचं नाही. तोंडानं सांगायचं. मोठ्यानं."

"बघा हां," द्रौपदीबाई म्हणाल्या. "मागाहून रागावशात."

"नाही रागावणार."

चौथ्या दिवशी मुख्य साहेब पाहुण्यांना घेऊन कक्ष दाखवत होते. भीमराज ऐटीत, जरा जास्तच ऐटीत, रेडिओवर बोलत होता. पाहुण्यांकडे एक डोळा ठेवून त्यानं औरंगाबादकडच्या एका विमानाला उंची दिली, आणि बाजूनं खणखणीत आवाज आला.

"साहेबांनू, चुकलं! त्या उंचीर एक आसा आधीच!"

सगळी डोकी वळली. पाहुण्यांपैकी कुणीतरी खुदकन हसलं. भीमराजचे कान तापले, मान तापली. त्या क्षणी त्याला ही बाई इतकी नकोशी झाली, की जगात दुसरं कुणी एवढं नकोसं झालं नसेल. तो एक क्षणच होता, पण चांगला लांब होता. मग त्यानं पट्ट्या पाहिल्या, बटण दाबलं आणि त्या विमानाला आहे तिथेच राहायला सांगितलं.

पाहुणे गेले. त्यानं नोंदवही ओढली, झालेली चूक जशीच्या तशी लिहिली आणि पेन उचलून विचारलं, "बाई, तुमचं पूर्ण नाव काय?"

द्रौपदीबाईंचा चेहरा उतरला. "कित्याक? तक्रार करतास माझी?"

"नाही. चूक कोणी पकडली, ते लिहायचंय."

"माझां नाव? वहीत?"

"हो. सांगा ना बाई."

त्यांनी पदर सारखा केला, खुर्चीत ताठ बसल्या आणि नवऱ्याच्या नावासकट, आडनावासकट, एकेक शब्द सुटा करून सांगितला. भीमराजनं तो तसाच लिहिला आणि बरोबर आहे का बघा म्हणून वही त्यांच्याकडे फिरवली.