मागून गाणारे भाऊजी

आमच्या चुलत दिरांनी जन्मात एकही गोष्ट स्वतःहून सुरू केलेली नाही, आणि तरी आज त्यांच्या नावावर पाच गाण्यांचा अल्बम आहे. पंगतीत सगळ्यांचा पहिला घास पोटात गेल्याशिवाय ते पानाला हात लावत नाहीत. एसटीत सगळे चढल्यावर चढतात, त्यामुळे जुन्नरपर्यंत बहुतेक वेळा उभ्यानेच जातात. त्यांच्या लग्नाच्या बोलण्यांत कोणीतरी विचारलं, "काय पावणं, मुलगी पसंत हाय का?" भाऊजी म्हणाले, "आदी त्येंना इचारा." आतून होकार आला, मग ह्यांनीही तो दिला, जवळजवळ त्याच सुरात. दुधाचा धंदासुद्धा वडिलांनी सुरू केलेला; ह्यांनी फक्त पुढे चालवला.

ह्याचं मूळ आमच्या कळंबजवळच्या गावातल्या भजनात आहे. बुवांनी ओळ म्हणायची आणि मागे बसलेल्यांनी ती उचलायची. ह्याला झील धरणं म्हणतात. भाऊजी लहानपणापासून मागे बसत. एकदाच भरात येऊन त्यांनी बुवांच्या आधी तोंड उघडलं. बुवांनी टाळ थांबवून विचारलं, "बुवा कोन रं? तू का मी?" देऊळभर हशा झाला. बुवा ते दुसऱ्या दिवशी विसरले असतील, भाऊजी विसरले नाहीत. आवाज मात्र असा, की लोक बुवांची ओळ संपायची वाट बघत बसायचे, कारण मग तीच ओळ भाऊजींच्या गळ्यातून यायची.

अवसरी खुर्दला कॉलेजच्या मुली भाड्याने राहतात, तिथे ते रोज सकाळी दूध घालतात. त्यातली एक मुलगी गाणी रचायची. एका सकाळी ती पातेलं धरून स्वतःचीच एक चाल गुणगुणत होती आणि एका ओळीपाशी अडली. भाऊजींनी दूध मापता मापता ती ओळ उचलली आणि नीट जागेवर नेऊन ठेवली. पातेलं कललं, दूध पायरीवर सांडलं.

"काका, परत म्हणा ना!"

"आदी तुमी म्हना."

शब्द आणि चाली तिच्या, गिटार आणि ढोलकी तिच्या दोन मैत्रिणींची आणि आवाज भाऊजींचा, असं ठरलं. मंचरच्या स्टुडिओत पहिल्या दिवशी ह्यांच्या कानांवर हेडफोन चढवले. वाद्यं वाजली, थांबली. भाऊजी हात जोडून शांत.

"काका, घ्या की!" रेकॉर्डिंगवाला काचेपलीकडून ओरडला.

"कुनी म्हनलंच न्हाई अजून."

"तुम्हीच म्हणायचंय!"

"मी? मी कशाला पुडं पुडं करू?"

अख्खा दिवस त्यात गेला. शेवटी ती मुलगी पलीकडच्या खोलीत बसली आणि तिने पहिली ओळ त्यांच्या कानात म्हटली. भाऊजींनी ती उचलली आणि मग थांबलेच नाहीत. पाचही गाणी अशीच झाली. नंतर तिची ओळ पुसून टाकली. त्यामुळे अल्बममध्ये गाणी तिची आहेत, पण ती कुठेच ऐकू येत नाही.

गाणी फोनवर आली आणि गावाने देवळासमोर कार्यक्रम ठरवला. तोवर मुलगी नोकरीसाठी बंगळुरूला गेली होती आणि तिला रजा मिळेना. गावात कुजबूज सुरूच होती, "मशीनचा आवाज हाय राव, ह्यो बाबा कदी गायलाय एकटा?" म्हणजे त्या दिवशी भाऊजींचं तोंड उघडलं नाही, तर अल्बम खोटा ठरणार होता. मी खुर्च्या, माईक, पाणी, हार अशी यादी केली होती. पहिली ओळ कोण घेणार, हे त्यात राहिलं होतं. मी घ्यावी, तर माझ्या आवाजाने म्हैस पान्हा चोरते. म्हणून मुलीने फोनवरून म्हणायची आणि मी फोन त्यांच्यासमोर धरायचा, असं ठरवलं.

ढोलकी वाजली, थांबली. फोनमध्ये मुलीचा चेहरा तोंड उघडून गोठलेला. रेंज गेली होती. भाऊजी माझ्याकडे बघत होते, मी फोनकडे. पहिल्या रांगेत म्हातारे बुवा काठीवर हनुवटी टेकून बसलेले.

"काय भाऊ, मौन धरलंय का?" मागून कोणीतरी म्हणालं. लोक हसले.

तेवढ्यात बायकांमधून एक म्हातारी कडाडली, "आरं, त्याला कुनीतरी म्हनल्याबिगर येत न्हाई, ठावं न्हाई व्हय तुमाला?" आणि तिनेच पहिली ओळ धरली. आठवडाभर घरोघरी तेच गाणं वाजत होतं. सगळ्या बायकांनी तिच्या आवाजात आवाज मिसळला. ओळ संपली. भाऊजींनी डोळे मिटून ती उचलली, आणि मंडप गप्प झाला. बुवांची काठी घसरून पडली, ती त्यांनी उचललीसुद्धा नाही.

माझ्या हातातला फोन तेव्हाच जिवंत झाला. मुलगी गातच होती. तिने वेळेवर सुरू केलं असणार, पण आवाज उशिरा पोचत होता. भाऊजींच्या अर्धी ओळ मागून. मी फोन कानाला लावला आणि गाणं संपेपर्यंत तसाच धरला.

रात्री मंडप रिकामा झाल्यावर मी त्यांना ते सांगितलं.

"ती माज्या मागून म्हनत व्हती?" भाऊजींनी विचारलं. "मंग तिच्या पुडं कोन व्हतं, वैनी?"

"तुम्हीच की."

 भाऊजी मंडपवाल्याची माणसं यायच्या आधीच उठले आणि खुर्च्या एकात एक घालायला लागले.