डांबरगोळीचा वास

नववीला रासायनिक बंध शिकवायचा दिवस आला की माझं डोकं सकाळपासूनच ठिकाणावर नसतं. पोरं कुजबुजतात, "आज सर तापलेत." तापलेला नसतो मी. त्या धड्याला टेबलावर दोन वस्तू ठेवाव्या लागतात, एक मिठाचा खडा आणि एक डांबरगोळी. ती गोळी खिशातून काढायला हात धजत नाही.

मिठात एकेक कण शेजारच्या कणांना चहूबाजूंनी धरून बसलेला असतो. तव्यावर कितीही तापवा, तडतडेल, पण वितळणार नाही. डांबरगोळीचं तसं नाही. तिच्या रेणूच्या आत अणू घट्ट बांधलेले असतात, पण एका रेणूला दुसऱ्याची फारशी ओढ नसते. म्हणून ती वितळायच्या भानगडीत न पडता सरळ हवेत उडून जाते. "वास आला म्हणजे काय झालं?" मी विचारतो. पोरं एका सुरात ओरडतात, "रेणू नाकात गेले, सर!" हे उत्तर मीच त्यांच्याकडून घोकून घेतलेलं असतं.

लग्नानंतर आठ वर्षांनी आमच्या कुरुंद्याच्या घरात पाळणा हलणार होता. बायकोला आई नाही, म्हणून बाळंतपण आमच्याकडेच. आमच्यात बारशापर्यंत लेकराच्या अंगाला कोरा कपडा लावत नाहीत. धुऊन धुऊन मऊ झालेलं जुनं लुगडं फाडून त्याचीच बाळुती करतात. माझ्या मायनं त्यासाठी स्वतःची चार सुती लुगडी लोखंडी पेटीत जपून ठेवली होती. झुरळं लागू नयेत म्हणून त्या पेटीत मूठमूठ डांबरगोळ्या मीच टाकायचो.

मायनं लुगडी बाहेर काढली आणि नाकाला पदर लावला. "लईच उग्र वास येऊन राहिला रं. धुऊन दोन दिवस उन्हात टाकू का?"

मी पेपर तपासत होतो. तसाच खेकसलो, "अगं माय, वासानं का लेकरू मरतंय? राहू दे की!"

वसमतच्या दवाखान्यात मुलगा झाला. काय गोजिरवाणं ध्यान होतं! दुसऱ्या दिवशी घरी आणला, मायच्या लुगड्यात गुंडाळून. संध्याकाळपर्यंत डोळे पिवळे दिसायला लागले. शेजारणी म्हणाल्या, "येवढी कावीळ तर समद्याच लेकरांना होते, कोवळ्या उन्हात धरा." सकाळी धरलं. त्याच लुगड्यात गुंडाळून धरलं. दुपारी त्यानं दूध सोडलं, तेव्हा गाडी करून नांदेड गाठलं.

तिथल्या डॉक्टरांनी बाळाला हातात घेतलं आणि आधी कापडाचा वास घेतला. मला आत बोलावलं. माय आणि बायको बाहेर बाकड्यावर होत्या.

"सर, हे कपडे डांबरगोळ्यांत ठेवले होते का?"

"व्हय."

ते समजावून सांगायला लागले. काही लेकरांच्या रक्तात जन्मापासूनच एक गोष्ट कमी असते, आणि ही वाफ त्यांच्या अंगात गेली की रक्तपेशी फुटायला लागतात. मी मान डोलावत होतो. वाफ कशी होते ते मला कुणी शिकवायची गरजच नव्हती.

त्यांनी अंगातलं रक्तसुद्धा बदलून पाहिलं. ज्या दिवशी पाचवी पुजायची, त्या दिवशी आम्ही त्याला मातीत ठेवून आलो.

घरी आल्यावर मायनं उरलेली लुगडी अंगणात जाळली. "माझी दोन लेकरं मातीत गेली, तुम्ही दोघं भाऊ तेवढे वाचलात," ती म्हणाली. "असल्या अंगावरचं कापड मी काहून लावलं रं त्याला?" तिला सांगायला एक वाक्य पुरलं असतं. माय, तुझ्या लुगड्यात काही नव्हतं, ते माझ्या गोळ्यांत होतं, आणि तू धुऊ का म्हणत होतीस. माझी जीभच उचलली नाही. बायकोलाही सांगितलं नाही. भेकड आहे मी, दुसरं काय!

परवा धाकट्या भावाला मुलगी झाली. भावजय लेकरू घेऊन दारात आली आणि मायपुढे धरलं. माय दोन पावलं मागं सरली, दोन्ही हात पदरात गुंडाळले. "मला नको देऊ, बाई. माझं कापड लागंल तिला."

भावजयीनं माझ्याकडं पाहिलं.

मी म्हणालो, "राहू दे."