गाणी रेडिओवर ऐका, म्हणे!

गेल्या गुरुवारी सकाळी तोंडवलीहून भाचीचा फोन आला. "मामा, माझो कंप्युटर मुको झालो."

सायली माझ्या बहिणीची मुलगी. जन्मापासून अंध, बी.ए. झालेली. तिचा कॉम्प्युटर स्क्रीनवरची प्रत्येक ओळ बोलून दाखवतो आणि ती ऐकत काम करते. आवाज गेला म्हणजे तिच्यासाठी अख्खा कॉम्प्युटरच गेला... आणि बँकेतल्या नोकरीचा ऑनलाइन फॉर्म भरायची शेवटची तारीख होती शनिवार.

दुपारी मालवणहून पोचलो. स्क्रीनवर एकच रड, साउंड डिव्हाइस सापडत नाही. स्पीकरची वायर पाहिली, व्हॉल्यूम पाहिला, ड्रायव्हर पुन्हा टाकला. आवाजाचं साउंड कार्ड आत बसवलेलं होतं, पण कॉम्प्युटरच्या लेखी ते नव्हतंच.

भावोजी मच्छीमार. दारात फाटकं जाळं दुरुस्त करत बसले होते. तिथूनच म्हणाले, "खारो लागलो आसतलो." मी हसलो. म्हटलं, भावोजी, खारा वारा लागायला ही काय तुमची बोट आहे?

जिथून कॉम्प्युटर घेतला त्या दुकानात सायलीने फोन लावला. इंजिनियरचा पहिलाच प्रश्न, "मॅडम, स्क्रीनवर पिवळं चिन्ह दिसतंय का?" तिने शांतपणे सांगितलं, "मला दिसत नाही. म्हणूनच मला आवाज लागतो." तर म्हणे, घरात कोणी डोळस नाही का? "आहेत. पण कॉम्प्युटर माझा आहे."

शुक्रवारी स्वारी घरी आली. अर्धा तास माझ्याशीच बोलत होता... जिचा कॉम्प्युटर, ती शेजारच्या खुर्चीत बसलेली, पण तिच्याकडे एकदाही मान वळली नाही. ड्रायव्हर काढला, टाकला, पुन्हा काढला. कॅबिनेट उघडलंसुद्धा नाही! शेवटी निदान केलं, मदरबोर्ड गेला. नवा मुंबईहून येणार, आठ-दहा दिवस लागतील. वर हसत म्हणतो, "तोपर्यंत गाणी रेडिओवर ऐका."

गाणी!... वीस वर्षं बातमीदारी केली, कोणाचंही ऐकून घ्यायची सवय आहे मला. पण त्या दिवशी माझा आवाज चढला. फॉर्मचं सांगितलं, तर म्हणाला, "मग तुम्ही भरा ना. पाच मिनिटांचं काम."

खरं सांगायचं तर मीही तेच सुचवणार होतो. सायलीने आधीच माझं तोंड बंद केलं. "मामा, नोकरी माका व्हयी मां? मगे फॉर्म मीच भरतलंय."

तो गेल्यावर ती म्हणाली, उघडूया. प्लग काढला, स्क्रू मी काढले, कार्ड तिने हळूच उपसून घेतलं. कार्डाच्या खालच्या सोनेरी कडेवरून तिने बोट फिरवलं. ब्रेल वाचणारं बोट ते... एका जागी थांबलं. "मामा, हय खरखरीत लागता."

डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं, तर पुसट हिरवट थर. टेबल खिडकीपाशी, खिडकीसमोर समुद्र, दोन वर्षं खारा वारा थेट कॅबिनेटमध्ये जात होता. भावोजींनी पहिल्या दिवशी सांगितलेलं, अगदी तेच.

त्यांनी जाळं बाजूला ठेवलं. बोटीवरचा वायरलेस असाच मुका होतो, तेव्हा ते काय करतात ठाऊक आहे? खोडरबर! शाळेतलं साधं खोडरबर. ते कड घासत होते आणि सायली बोट फिरवून सांगत होती, "बाबा, हय रवला... आणि हय." कोरड्या फडक्याने पुसून कार्ड शेजारच्या खाचेत नीट दाबून बसवलं.

कॉम्प्युटर सुरू केला... आणि तो नाकातला इंग्रजी आवाज बोलू लागला. भावोजी कान देऊन ऐकत राहिले. "ह्येका पडसा झाला काय गो?"

"होऊंदे पडसा, बाबा. बोलता मां!"

शनिवारी सकाळी सायलीने फॉर्म भरला. एकटीने. मला तर खोलीबाहेरच बसवलं होतं.

सोमवारी दुकानातून फोन. मॅडम, मदरबोर्डची ऑर्डर टाकू का? ती म्हणाली, "नको. कार्डाला खार चढला होता. तुम्हाला दिसला नाही, माझ्या हाताला लागला."

त्या माणसावरचा राग अजून उतरलेला नाही. उतरवायचाही नाहीये... पण त्यातला थोडा माझ्या वाट्याला येतो. गुरुवारी दारातून आलेलं ते एक वाक्य मी हसून उडवलं नसतं, तर पोरीचा जीव दोन दिवस टांगणीला लागला नसता.

भावोजी, चुकलो. माझाही कॉम्प्युटर खिडकीपाशीच असतो. रविवारी जेवायलाच या... येताना खोडरबर आणा.